ॲनॉयिंगली, काकू!

खरं सांगा, चिडल्यावर तुमचं इंग्लिश सुधारतं की बिघडतं? माझं तर पार बोंबलतं. पण शांत डोक्याने, एसीत बसून लिहितानाही घात होऊ शकतो, हे मला आमच्या बाळकुमच्या शेजारच्या काकूंनी शिकवलं.

झालं असं, की सोसायटीतल्या पाणीटंचाईवर मी एका इंग्लिश पुरवणीसाठी फीचर केलं. टँकरची वाट बघून कावलेल्या काकू मला म्हणाल्या, ‘बादल्या भरायच्या, की ऑफिस गाठायचं?’ मी ऐटीत लिहिलं, ‘शी सेड ॲनॉयिंगली.’ म्हणजे चिडून... असं आपलं मला वाटलं! रविवारी काकू पेपर घेऊन दारात. ‘पाणी मला नाही, आणि त्रासदायक पण मीच का गं?’ पुढे आठवडाभर बोलणं बंद. मास कॉमची डिग्री भिंतीवर आणि मी तिच्याखाली, मान खाली घालून!

गोम अशी आहे, मंडळी. ‘ॲनॉयिंग’ म्हणजे चीड आणणारा, ‘ॲनॉइड’ म्हणजे चिडलेला. ‘बोअरिंग’ आणि ‘बोअर्ड’सारखंच. त्यामुळे ‘ॲनॉयिंगली’ बोलणारा माणूस दुसऱ्याचं डोकं फिरवत असतो. स्वतः चिडलेल्यासाठी ‘इरिटेबली’ किंवा सरळ ‘विथ ॲनॉयन्स’. ‘ॲनॉइडली’ डिक्शनरीत सापडतो, पण वापरात क्वचितच. आपली मराठी बघा - चिडून, वैतागून, करवादून, फणकाऱ्याने. ज्याचा राग, त्याच्याच नावावर!

या शब्दाचा आणखी एक उपयोग आहे. ‘ॲनॉयिंगली, द बस हॅड लेफ्ट.’ वाक्याच्या सुरुवातीला, पुढे स्वल्पविराम. इथे बस बिचारी निर्दोष. वैताग सांगणाऱ्याचा. हे मराठीत कसं म्हणाल? सकाळी बाळकुम नाक्यावर उभे राहा, उत्तर धावत येईल : ‘नेमकी बस सुटली!’ त्या एका ‘नेमकी’त अख्खा ‘ॲनॉयिंगली’ बसलाय, स्वल्पविरामासकट.

असो. मी दुरुस्तीचा मेल पाठवला. पुढच्या अंकात कोपऱ्यात दोन ओळींचा खुलासा छापून आला. धडधडत्या छातीने तो काकूंकडे नेला. त्यांनी पेपर हातात घेतला, टेबल चाचपलं, टीव्हीवर बघितलं, उशी उचलली.

‘बस गं, चहा टाकते. नेमका आत्ताच चष्मा सापडत नाहीये बघ!’

मी खुलासा वाचून दाखवला. मोठ्याने, आणि अजिबात ‘ॲनॉयिंगली’ नाही!