अश्वशक्ती कोणाची, कर्ज कोणाचे?

कोथरूडच्या बाजारात सुरमई किंवा बांगडा विकत घेणारा ग्राहक भावाची घासाघीस करतो, तेव्हा त्या भावात किती इंधन जळाले आहे, हा विचार त्याच्या मनाला शिवत नाही. मासळीची पेटी घाट चढून पुण्यात येते. तिच्यामागची होडी, होडीचे इंजिन आणि इंजिनावरचे कर्ज मात्र किनाऱ्यावरच राहते. छोट्या होडीला किती अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन बसवावे, हा प्रश्न वरकरणी मेकॅनिकचा वाटतो. वस्तुतः तो अर्थकारणाचा आणि म्हणूनच राजकारणाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आज उपस्थित करण्यास कारण आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. शेतकऱ्याला मिळणाऱ्या सवलती मच्छीमारालाही मिळाव्यात, ही किनाऱ्यावरची जुनी मागणी होती आणि ती मान्य झाली, हे स्वागतार्हच आहे. परंतु कर्ज सुलभ झाले की छोटा मच्छीमार त्यातून प्रथम इंजिन घेणार, हे उघड आहे. ते इंजिन त्याच्या होडीच्या मापाचे असेल की विक्रेत्याच्या फायद्याच्या मापाचे, यावर या निर्णयाचे फलित बऱ्याच अंशी अवलंबून राहील.

इंजिनाचे माप होडी ठरवते, हा निसर्गाचा नियम आहे. पाणी कापत चालणाऱ्या जड होडीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. पाण्याला टेकलेली लांबी २५ फूट असेल, तर अशा होडीचा व्यवहार्य वेग ताशी पावणेसात सागरी मैलांच्या आसपास येऊन थांबतो. त्यापुढे इंजिन कितीही मोठे लावले, तरी होडी स्वतःच उठवलेल्या लाटेशी झुंजत राहते. वेग इंचाने वाढतो आणि इंधन हाताने जळते. हलकी, सपाट तळाची फायबरची होडी रिकामी असताना पाण्यावर उचलली जाऊन भरधाव धावू शकते, हे खरे. पण जाळी, बर्फ आणि मासळी भरून परतताना तीही जड होडीसारखीच वागू लागते. खरेदी करताना रिकाम्या होडीचा वेग पाहायचा आणि कर्ज भरलेल्या होडीच्या कमाईतून फेडायचे, अशी ही फसगत आहे.

इंधनाचा हिशेब तर अधिकच बोलका आहे. पेट्रोलवर चालणारे १० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण जोराने चालवले, तर ढोबळमानाने तासाला चार ते पाच लिटर इंधन पिते; ४० अश्वशक्तीचे इंजिन सोळा ते वीस लिटर. जाण्यायेण्याचे चार तास धरले, तरी दर फेरीला पन्नास-साठ लिटरांचा फरक पडतो. मोठ्या इंजिनाने वेळ काहीसा वाचतो; पण ज्या दिवशी जाळे रिकामे येते, त्या दिवशी हा फरक थेट घरच्या चुलीतून वजा होतो. शिवाय मोठ्या इंजिनाच्या वजनाने होडीची मागची बाजू दबते आणि जुन्या लाकडी होडीची मागची फळी खिळखिळी होते.

याचा अर्थ इंजिन लहानात लहान असावे, असा मुळीच नाही. खाडीच्या मुखाशी ओहोटीचा ओढ आणि समोरून वारा असताना जे इंजिन होडीला घरी आणू शकत नाही, ते स्वस्त नसून जीवघेणे असते. सतत पूर्ण जोराने चालवावे लागणारे लहान इंजिन लवकर झिजते. अश्वशक्तीइतकेच महत्त्व पंख्याच्या मापाला आहे. ओझे वाहणाऱ्या होडीला वेगाचा नव्हे, तर रेट्याचा पंखा हवा. इंजिनाचा दांडा मागच्या फळीच्या उंचीला जुळला नाही, तर पंखा पाण्याऐवजी हवा ओढतो आणि विकत घेतलेली निम्मी शक्ती वाया जाते. चार फेऱ्यांतील तीन फेऱ्यांना पुरेल आणि चौथ्या, वादळी फेरीला राखीव ठेवील, असे माप हेच योग्य माप होय.

मग शहाणा दर्यावर्दी गरजेपेक्षा मोठे इंजिन का घेतो? त्याच्या अज्ञानामुळे, असे उत्तर कचेरीत बसून देणे सोपे आहे. खरे उत्तर समुद्रात आहे. ट्रॉलर आणि पर्ससीन जाळ्यांनी किनाऱ्यालगतची मासळी उपसली, की वल्ह्याच्या अंतरावर मिळणारा घास दूर जातो. गोव्यातील रापणकारांनी सत्तरच्या दशकात ट्रॉलरविरुद्ध लढा उभारला, तो याच कारणासाठी. महाराष्ट्राने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदा केला, २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले, २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून दंड वाढवला. तरीही किनाऱ्यावरची तक्रार संपलेली नाही; कारण कायदा कागदावर जितका वेगवान असतो, तितकी गस्तीची नौका नसते. दूर गेलेल्या मासळीमागे धावण्यासाठी एकजण मोठे इंजिन घेतो. लिलावाला त्याच्याआधी पोचण्यासाठी शेजारी त्याहून मोठे घेतो. अखेरीस सगळ्यांचे वेग पुन्हा सारखेच होतात, मासळी तेवढीच राहते आणि वाढते ते फक्त कर्ज. व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असली, तर मासळी त्यालाच, त्याच्याच भावाने द्यावी लागते. अश्वशक्ती होडीला जोडलेली दिसते. लगाम मात्र किनाऱ्यावर दुसऱ्याच्या हातात असतो.

केरळने हा सारा प्रवास आधी केलेला आहे. तेथे ऐंशीच्या दशकात आउटबोर्ड इंजिने झपाट्याने पसरली. आरंभी सात-आठ अश्वशक्तीची इंजिने पुरेशी वाटत होती. पुढे पंचवीस-चाळीस अश्वशक्तीची आली आणि मोठ्या वल्लमांवर एकाऐवजी दोन-तीन इंजिने दिसू लागली. कष्ट कमी झाले, पल्ला वाढला, हे नाकारता येत नाही. पण त्याबरोबर इंधनाचे आणि कर्जाचे ओझेही वाढले. त्याच केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मच्छीमार सोसायट्यांच्या ‘सिफ्स’ या महासंघाने सदस्यांसाठी इंजिने आणली आणि दुरुस्तीच्या कार्यशाळा चालवल्या. इंजिन एकट्याने विकत घेतले, तर माणूस गिऱ्हाईक असतो. संघटितपणे घेतले, तर तो अटी घालू शकतो, हा त्यातला धडा.

डॉ. राममनोहर लोहिया यांनी १९५२ च्या पंचमढी अधिवेशनात लहान यंत्राची कल्पना मांडली, तिचा अर्थ मागास यंत्र असा नव्हता. माणसाच्या कष्टाला हातभार लावणारे आणि त्याच्या ताब्यात राहणारे यंत्र, असा तिचा आशय होता. छोट्या होडीवरचे इंजिन ही त्या कल्पनेची अत्यंत रोकडी कसोटी आहे.

म्हणून काही मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. इंजिनासाठी कर्ज किंवा अनुदान देताना होडीची लांबी, वजन आणि मासेमारीची पद्धत पाहून शिफारस करणारा, कोणत्याही विक्रेत्याशी न बांधलेला तंत्रज्ञ मच्छीमार सहकारी सोसायट्यांना मिळाला पाहिजे. इंधनावरील सवलत केवळ जळालेल्या लिटरवर दिली, तर जो अधिक जाळतो त्याला अधिक मिळते. छोट्या होडीला दर फेरीमागे किमान दिलासा देण्याचा विचार झाला पाहिजे. सुटे भाग आणि दुरुस्ती बंदराजवळ उपलब्ध हवी. ऐन हंगामात बंद पडलेले इंजिन कितीही अश्वशक्तीचे असले, तरी त्याची शक्ती शून्यच. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे किनाऱ्यालगतचे पाणी छोट्या मच्छीमारांसाठी खरोखर राखले गेले पाहिजे. मासळी जवळ मिळाली, तर मोठ्या इंजिनाचा मोह आपोआप ओसरेल.

कोथरूडसारख्या उपनगरातील कार्यकर्त्याला हा प्रश्न दूरचा वाटू नये. शहरातील ग्राहक संस्था आणि कोकणातील मच्छीमार सोसायट्या यांचा थेट व्यवहार जुळवणे हे समुद्रावर न जाताही करता येण्याजोगे काम आहे. मधल्या साखळीतील दोन कड्या निघाल्या, तर ग्राहकाला परवडेल आणि मच्छीमाराला उचलीच्या फासातून मान सोडवता येईल. होडी तिच्या मापाच्या इंजिनाने चालावी आणि इंजिन मच्छीमाराच्या मालकीचे असावे, यासाठी समुद्राइतकेच काम घाटमाथ्यावरही पडून आहे.