ठराव करण्याआधी

जिल्हा मेळाव्यात ठराव मंजूर व्हायला दोन मिनिटे पुरतात. व्यासपीठावरून कुणी तरी ‘माल बंद’ म्हणतो, टाळ्या पडतात, हात वर होतात. त्या हातांची किंमत पुढे पंधरा दिवस गावागावांतून वसूल होते. कांद्याची पिशवी चाळीत राहते, दूध ओढ्यात जाते, पोरांवर केसेस होतात. म्हणून तालुक्याचे पद घेतलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याने आधी हे समजून घ्यावे, की निर्णय आपण घेतो आणि खर्च दुसरा सोसतो. ज्याला हे समजले नाही त्याने बिल्ला लावू नये.

पहिली गोष्ट वेळेची. शेतकऱ्याच्या लढ्याचे पंचांग पिकाच्या वाढीवर चालते, पुढाऱ्याच्या सवडीवर नाही. शिरूरच्या पाबळ, केंदूर भागातला गरवा कांदा नीट सुकवून चाळीत भरला तर चार-सहा महिने दम धरतो. एप्रिल-मेमध्ये ‘बाजारात माल आणू नका’ म्हटले, तर शेतकरी थांबू शकतो आणि त्याच्या थांबण्याने भावाला टेकू मिळतो. खरिपाच्या लाल कांद्याचे तसे नाही. त्यात पाणी जास्त. काही आठवड्यांत तो सडतो नाही तर कोंब धरतो. 8 डिसेंबर 2023 रोजी केंद्राने कांदा निर्यात बंद केली, तेव्हा बाजारात हाच लाल कांदा होता. बंदी उठली 4 मे 2024 रोजी. त्या डिसेंबरात ज्याने बाजार बंदची हाक दिली, त्याने सरकारला कोंडीत पकडले की आपल्याच माणसाचा माल सडवला, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे. राग योग्य होता. हत्यार चुकीच्या हंगामाचे होते.

उसाचेही तेच. नोव्हेंबरात कारखान्याचा गव्हाणीचा मुहूर्त झालेला असतो आणि त्याला ऊस हवा असतो. थंडीत उभ्या उसाचा उतारा चढत जातो, शेतकरी थोडा थांबला तरी बुडत नाही. मार्चमध्ये तोड अडवली तर उन्हाने वजन घटते, पाणी अपुरे पडते आणि टोळ्या परतीची तयारी करू लागतात. शेतकरी संघटनेने नाशिक जिल्ह्यात ऊस आणि कांद्याच्या भावासाठी रास्ता रोको सुरू केला तो 10 नोव्हेंबर 1980 रोजी, हंगामाच्या तोंडावर. मागणीही कुणाच्याही तोंडी बसेल अशी: उसाला टनाला तीनशे.

दुसरी गोष्ट हत्याराची. उसाचे पैसे थकले की आपल्याकडे आधी पुणे-सोलापूर रस्ता आठवतो. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, उशीर झाला तर साल 15 टक्के व्याज. साखर आयुक्तांना महसुली वसुलीचा आदेश काढता येतो. पाटस किंवा न्हावऱ्याच्या रस्त्यावर बसण्याआधी किती सभासदांच्या वजनपावत्या गोळा केल्या, व्याजासह आकडा किती, अर्ज कोणत्या तारखेला दिला, हे ज्याला सांगता येत नाही त्याच्या रास्ता रोकोला तहसीलदार निवेदन घेऊन चहा पाजतो आणि विसरतो. कागद पुरा असला तर रस्त्यावर बसण्याला वजन येते. माती न तपासता खताचा डोस सांगणारा आणि हिशेब न मांडता आंदोलन सांगणारा, दोघे एकाच माळेचे मणी.

तिसरी गोष्ट, बैठकीत कोण बसले आहे. दौंडच्या बैठकीला राहू, पारगाव, केडगावची बागायती मंडळी पुढच्या रांगेत असतात. रोटी, कुसेगाव, जिरेगावचा माणूस आला तर मागे बसतो आणि बोलत नाही. दूध ओतायचा ठराव करताना वीस गाईंचा गोठेवाला आणि दोन गाईंवर घर चालवणारी बाई यांचा तोटा सारखा नसतो. दूध ओतले तरी गाय पेंड मागतेच. तेव्हा ठराव टाकण्याआधी ज्याला सर्वांत जास्त सोसायचे आहे त्याला आधी बोलू द्यावे, आणि नेत्याने शेवटी बोलावे. नेता आधी बोलला की बाकीचे माना हलवतात. मग त्याला सल्ला मिळत नाही, फक्त आपलाच आवाज ऐकू येतो.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड: थांबायचे कधी आणि कुणाला विचारून. पुणतांब्यातून 1 जून 2017 रोजी शेतकरी संप सुरू झाला. 2 जूनच्या रात्री मुंबईत मुख्यमंत्र्यांशी बोलणी झाली आणि 3 जूनच्या पहाटे संप मागे घेतल्याचे जाहीर झाले. गावोगावचे शेतकरी सकाळी उठले तो ही बातमी. अनेकांनी ती मानली नाही, संप चालू राहिला, नवी सुकाणू समिती बनली. 11 जूनला मंत्रिगटाने कर्जमाफी तत्त्वतः मान्य केली. मागण्यांची यादी लांब होती. त्यांतले काय मिळाले तर थांबायचे, हे गावांशी आधी ठरलेले नव्हते. जे आधी ठरत नाही ते पहाटे चार वाजता, झोपमोड झालेल्या चार-दोन माणसांना ठरवावे लागते. तिथे माणसाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न नाही, पद्धतीचा आहे.

आणि निपाणी विसरू नये. 1981 मध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकरी 14 मार्चपासून चोवीस दिवस महामार्गावर बसले. 6 एप्रिलला गोळीबार झाला, बारा जण गेले. लढू नये असा याचा अर्थ नाही. ‘उद्या रस्त्यावर या’ हे वाक्य उच्चारताना आवाज जरा जड व्हावा, एवढा आहे.

माझी सूचना साधी आहे. यापुढे शिरूर आणि दौंडच्या प्रत्येक आंदोलनाच्या ठरावाखाली चार ओळी लिहाव्यात. मागणी एका वाक्यात. पीक कोणत्या अवस्थेत आहे आणि शेतकरी किती दिवस थांबू शकतो. सर्वांत जास्त झळ कुणाला, आणि त्याच्यासाठी आपण काय करणार. काय मिळाले तर थांबायचे, आणि मागे घेण्याचा अधिकार कुणाला. या चार ओळी भरता आल्या नाहीत तर ठराव पुढच्या बैठकीवर ढकलावा. त्या दिवशी टाळ्या कमी पडतील.

काही कार्यकर्ते म्हणतील, एवढा विचार करत बसलो तर गर्दीचा जोर ओसरेल. एका रात्रीत ओसरणारा जोर तिसऱ्या दिवशी रस्त्यावर टिकलाच नसता. वाफसा आल्याशिवाय पेरणारा शेतकरी घाई करतो, शौर्य करत नाही. येत्या हंगामाची बैठक दसऱ्याआधी घ्या, वजनपावत्या घेऊन या, आणि मागे बसणाऱ्या माणसाला पुढे बोलवा.