पळतात पाय, पोचवतं डोकं

बेसबॉल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? हॉलिवूडच्या पिक्चरमधला तो सीन. तोंडात च्युइंगगम, हिरोनं दणकून मारलेला बॉल थेट प्रेक्षकांत आणि मग आरामात जॉगिंग करत मारलेली गोल चक्कर. हा झाला होम रन. पण होम रनला पळायचं टेन्शनच नसतं, राव! खरी गंमत बॉल मैदानात राहतो तेव्हा सुरू होते. अमेरिकेतले रात्रीचे गेम आपल्याकडे सकाळी लागतात. ऑफिसला निघेपर्यंत ते बघायची सवय मला लागली आणि हळूहळू माझं लक्ष बॅटवरून पायांवर गेलं.

आधी फंडा क्लिअर करू. मैदानात एक चौकोन. चार कोपऱ्यांवर फर्स्ट, सेकंड, थर्ड बेस आणि होम प्लेट. एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत ९० फूट. होमवरून निघून सगळे बेस करत होमला परत आलात की एक रन. आपल्या क्रिकेटमध्ये दोन क्रीजमधलं अंतर ५८ फूट, आणि ‘नो’ म्हणून पार्टनरला परत पाठवायची सोयही आहे. इथे बॉल मैदानात पडला की बॅटरला पळावंच लागतं. हातातली बॅटही टाकून द्यायची.

आता तुम्ही म्हणाल, पळायचंच तर आहे, त्यात शिकायचं काय? माझ्या न्यू जर्सीतल्या मावसभावाची मुलगी लिटल लीगमध्ये खेळते. तिच्या कोचनं पहिले काही आठवडे एकच गोष्ट घोकून घेतली: फर्स्ट बेसवर थांबायचं नाही, त्याच्या पार पळायचं! नियमच तसा आहे. सेकंड आणि थर्ड बेस ओलांडून पुढे गेलात तर आउट व्हायची भीती. फर्स्टला मात्र सरळ पुढे निघून गेलात तरी चालतं. पण माणसाचा स्वभाव बघा, सिग्नल दिसला की ब्रेकवर पाय जातोच. शेवटच्या दोन पावलांत वेग कमी होतो आणि तिथेच आउट. म्हणून बेसची पुढची कड पायानं दाबायची आणि तसंच सुटायचं. शेवटी लांब उडी मारायची नाही, कारण हवेत असताना वेग वाढत नाही. बेस ओलांडला की उजवीकडे एक नजर. थ्रो चुकून बॉल तिकडे गेला असेल, तर सेकंड बेसकडे निघायला मोकळे!

पण फटका लांब गेला असेल आणि सेकंडही मिळण्यासारखा असेल, तर हीच सरळ रेघ महागात पडते. फुल स्पीडमध्ये काटकोनात वळता येत नाही. बाइकवरून वळण घेताना आपण आधी थोडं बाहेर जातो आणि मग आत झुकतो, तस्संच. बेसच्या काही पावलं आधी उजवीकडे सरकायचं, शरीर आत कलवायचं आणि बेसचा आतला कोपरा दाबून सुसाट सुटायचं. कुठल्या पायानं दाबायचा? जो पाय येईल त्यानं. पाय जुळवत बसलात की वेग गेला. सरळ जायचं की वळायचं, हे मात्र बेसच्या बऱ्याच आधी ठरलेलं हवं.

माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. चांगला रनर सगळ्यात वेगवान असेलच असं नाही. त्याचा निर्णय आधी झालेला असतो.

पटत नाही? मग जॉश नेलरला भेटा. चांगला जाडजूड गडी. वेगाच्या यादीत पार तळाला. आणि २०२५ च्या मोसमात पठ्ठ्यानं ३० बेस ‘स्टील’ केले, म्हणजे चक्क चोरले! पकडला गेला फक्त दोनदा. स्टील म्हणजे फटक्याची वाट न बघता, पिचर बॉल टाकतोय तेवढ्यात पुढचा बेस गाठणं. पिचरला बॉल टाकायला साधारण सव्वा-दीड सेकंद लागतात, कॅचरला तो सेकंड बेसवर पोचवायला साधारण दोन. सगळा खेळ त्या सव्वातीन-साडेतीन सेकंदांचा. म्हणून रनर बेसपासून आधीच काही पावलं बाहेर सरकून उभा राहतो. याला म्हणतात लीड. नजर पिचरच्या पायांवर. उजव्या हाताच्या पिचरची डावी टाच आधी उचलली गेली तर बॉल होमकडे जाणार, म्हणजे पळा. उजवी टाच हलली तर तो फर्स्टकडे वळतोय, म्हणजे मुकाट्यानं मागे. चोराचं सगळं लक्ष टाचेवर!

या धंद्याचा बादशहा रिकी हेंडरसन. कारकिर्दीत १,४०६ स्टील, त्यातले १३० एकट्या १९८२ मध्ये. आणि हो, सगळ्यात जास्त वेळा पकडला जाण्याचा विक्रमही त्याचाच: ३३५ वेळा. आता बोला!

पण एका चोरीनं अख्ख्या शहराचं नशीब फिरलं, ती २००४ च्या ऑक्टोबरमधली. बॉस्टन रेड सॉक्स विरुद्ध न्यूयॉर्क यँकीज. सात सामन्यांच्या सीरिजमध्ये बॉस्टन ०-३ नं मागे. चौथ्या गेममध्येही एका रननं मागे, शेवटची इनिंग, आणि समोर मारियानो रिव्हेरासारखा पिचर. पकडला गेला की मोसम जवळपास संपलाच. अशा वेळी डेव्ह रॉबर्ट्सला फक्त पळण्यासाठी मैदानात आणलं. तो चोरी करणार, हे स्टेडियममधल्या प्रत्येकाला ठाऊक! रिव्हेरानं त्याला पकडायला तीनदा फर्स्टकडे बॉल फेकला. तिन्ही वेळा रॉबर्ट्स परत. मग पहिलाच पिच पडला आणि गडी सुटला... सेफ! अगदी थोडक्यात. पुढे त्याच बॅटरच्या फटक्यावर तो होमला आला, बरोबरी झाली. बॉस्टननं तो गेम जिंकला, सीरिज जिंकली आणि १९१८ नंतर पहिल्यांदाच वर्ल्ड सीरिजही.

गंमत म्हणजे २०२३ पासून नियम बदललेत. बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे झाले. एका बॅटरच्या वेळी पिचरला रनरसाठी दोनदाच थांबता येतं. तिसऱ्यांदा बॉल फेकला आणि रनर आउट झाला नाही, तर त्याला पुढचा बेस फुकट! म्हणजे आज असता तर रिव्हेराच्या तिसऱ्या थ्रोवर रॉबर्ट्स न पळताच सेकंडला पोचला असता.

आता दुसरी बाजू. २३ सप्टेंबर १९०८. न्यूयॉर्क जायंट्सचा १९ वर्षांचा फ्रेड मर्कल फर्स्ट बेसवर. दोन आउट, १-१ बरोबरी. मागच्या बॅटरनं फटका मारला, थर्डवरचा रनर होमला आला. जिंकलो! प्रेक्षक मैदानात घुसले. मर्कल सेकंड बेसला पाय न लावताच वळून निघाला. तेव्हा बरेच जण असंच करायचे. शिकागो कब्जच्या जॉनी एव्हर्सनं मात्र बॉल मागवला आणि सेकंड बेसवर पाय दिला. मर्कल आउट, रन रद्द, गेम बरोबरीत. तो पुन्हा खेळावा लागला, कब्ज जिंकले आणि एका गेमच्या फरकानं लीगही घेऊन गेले. मर्कल पुढे कित्येक वर्षं चांगला खेळला. पण ‘बोनहेड’ हे नाव जन्मभर चिकटलं. इतरांनी शंभरदा केलेली गोष्ट एकाच्याच नावावर लागली. हे मला त्या चुकीपेक्षा जास्त टोचतं.

आणि कधीकधी थांबणं हेच पळणं असतं. २०१४ च्या वर्ल्ड सीरिजचा सातवा गेम. कॅन्सस सिटी एका रननं मागे, शेवटचा आउट बाकी. अ‍ॅलेक्स गॉर्डनचा फटका फील्डर्सकडून दोनदा निसटला आणि तो थर्डपर्यंत आला. तिथल्या कोचनं दोन्ही हात वर करून थांबवलं. पुढचा बॅटर आउट, खेळ खल्लास. ‘पळायला हवं होतं’ म्हणणारे अजून आहेत. पण बॉल तोवर शॉर्टस्टॉपच्या हातात आला होता, आणि पाठमोऱ्या गॉर्डनला तो दिसतच नव्हता. रनरनं अशा वेळी कोचचंच ऐकायचं. माझं मत कोचच्या बाजूनं आहे!

तेव्हा मंडळी, एखाद्या सकाळी चहाचा कप घेऊन गेम लावलात, तर एक इनिंगभर बॉलचा नाद सोडा. फर्स्ट बेसवरच्या त्या गड्याकडे बघा. दोन पावलं बाहेर, गुडघे किंचित वाकलेले, नजर पिचरच्या टाचेवर. अजून काहीच घडलेलं नाही. त्याचं मात्र ठरलंय.