स्वस्त इंटरनेटची खरी किंमत

इंटरनेट कंपन्यांत चुरस लागली की ग्राहकाचे कल्याण होते, असे सांगण्यात येते. ते सर्वस्वी खोटे नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ अवतरल्यावर मोबाइल डेटाचे दर कोसळले, हे सर्वांनी पाहिले. परंतु जुलै २०२४ मध्ये तिन्ही बड्या खासगी कंपन्यांनी एका दिवसाच्या आगेमागे दर वाढविले, तेव्हा ही चुरस कोठे दडली होती, असा आमचा सवाल आहे.

घरी येणाऱ्या तारेची गत तर याहून बिकट. क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची मोबाइलची सोय २०११ पासून देशभर आहे. तारेच्या जोडणीस ती नाही. नवी कंपनी म्हणजे नवी तार, नवा राउटर. आणि जुन्या कंपनीकडे सहा महिन्यांची आगाऊ रक्कम अडकलेली! जाहिरातीतील ३९९ रुपये १८ टक्के जीएसटी धरता सुमारे ४७१ होतात. '३० एमबीपीएस' हे आकडे बिटांचे. आठाने भागल्यावर सेकंदास पावणेचार मेगाबाइट, तेही तार मोकळी असेल तर.

करासहित दर ठळक छापण्याची सक्ती 'ट्राय'ने करावी. तोवर वर्षाचे पैसे एकदम भरण्यापूर्वी ग्राहकाने त्याच कंपनीची जोडणी असलेल्या शेजाऱ्याकडे रात्री नऊ वाजता जाऊन वेग मोजावा. जाहिरातीपेक्षा तो साक्षीदार अधिक भरवशाचा आहे.