‘ब्रेक निकामी’ या शब्दांमागची हयगय

अपघातांच्या वार्तांमध्ये ‘ब्रेक निकामी झाल्याने’ हे शब्द इतक्या सहजतेने छापले जातात, की ब्रेक निकामी होणे ही वीज कोसळण्यासारखी अकल्पित आपत्ती असून तिच्यापुढे चालक, मालक आणि सरकार हे तिघेही सारखेच असहाय आहेत, असा वाचकाचा ग्रह व्हावा. माझे मत नेमके उलट आहे. शेतमाल वाहणाऱ्या पिकअप गाडीपुरते तरी मी अनुभवाने सांगतो, की तिचे ब्रेक एकाएकी क्वचितच दगा देतात. त्याआधी कित्येक दिवस ते आपली तक्रार चालकाच्या तळपायाशी नोंदवीत असतात, आणि ती तक्रार ऐकण्याचे शिक्षण मात्र आपण कोणाला देत नाही.

आमची पिकअप ओतूरहून माळशेज घाट उतरून कल्याणच्या बाजारात भाजी नेते. एका सायंकाळी पुतण्या म्हणाला, ‘‘काका, पॅडल रोजच्यापेक्षा खाली जातंय.’’ इंजिन चालू ठेवून मी पॅडल दाबून धरले, तर एकाच जोराने दाबलेला पाय अर्ध्या मिनिटात हळूहळू तळाकडे सरकला. अशा वेळी दोनच संभव असतात: एक तर मास्टर सिलिंडरमधील रबरे झिजून ब्रेक ऑइल आतल्या आत मागे फिरते, नाही तर ते कोठे तरी बाहेर गळते. डबीतील पातळी खाली गेलेली होती, तेव्हा दुसराच संभव खरा ठरला. आणि कंदील घेऊन चारही चाके पाहिली, तेव्हा मागच्या डाव्या टायरची आतली बाजू ओलसर आढळली. गाडी त्या रात्री घाटात गेली नाही. भाजीचे नुकसान झाले, ते आम्ही सोसले.

दुसऱ्या दिवशी सपाट जमिनीवर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावून, केवळ जॅकच्या भरवशावर न राहता आसाखाली घोडी ठेवून, आम्ही ड्रम काढला. व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीआडून ऑइल पाझरत होते आणि लायनर त्यात भिजून गेले होते. भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन, उन्हात वाळवून किंवा आगीवर शेकून पुन्हा बसविण्याची प्रथा मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. ती सर्वस्वी निंद्य आहे, कारण लायनरच्या अंगात मुरलेले तेल पहिल्याच उतारावर तापून बाहेर येते. आम्ही सिलिंडर नवा घातला आणि लायनर दोन्ही बाजूंचे बदलले. एकाच बाजूचे बदलले असते, तर ब्रेक मारताच गाडी एका अंगाला ओढली असती. ड्रममधील धूळ फुंकून उडविण्याचा मोहही टाळला पाहिजे, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ती ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

मग एअर काढण्याचे काम. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवावे. एकाने पॅडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल सैल करून पुन्हा कसावा, आणि निपल कसल्याची हाक आल्याखेरीज पहिल्याने पाय उचलू नये, कारण तेवढ्या क्षणात बाहेर गेलेली हवा पुन्हा आत ओढली जाते. डबी मध्येच रिती झाली तर केलेले सर्व श्रम फुकट जातात. नळीतले बुडबुडे थांबेपर्यंत आमचा तासभर गेला. बाहेर आलेले ऑइल काळ्या चहासारखे होते, आणि ते पाहून मला स्वतःचीच शरम वाटली. कारण हे ऑइल हवेतील पाणी शोषून घेते आणि जितके पाणी मुरेल तितके लवकर उकळते, ही गोष्ट मला ठाऊक असूनही दोन वर्षांत मी ते बदललेले नव्हते. डॉट ३ प्रतीच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू प्रमाणानुसार किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले, की ही मर्यादा १४० अंशांवर येते. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दबते, आणि पॅडल रिकामे तळाला टेकते.

घाटात हे किती सहज घडू शकते, याचा हिशेब करून पाहावा. तीन टन वजनाची भरलेली गाडी पाचशे मीटर खाली उतरते, तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तीत चाळीस लिटरांहून अधिक साधे पाणी उकळीस येईल. यातला काही वाटा वारा आणि रस्ता उचलतात. उरलेला एक तर इंजिनाने गिअरमध्ये राहून रोखावा लागतो, नाही तर तो सगळा ब्रेकवर पडतो. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करणारा चालक हा सबंध भार ब्रेकवर टाकतो. आणि त्याने इंजिनही बंद केले, तर बूस्टरला निर्वात पुरविणारा पंप थांबून दोनतीन दाबांनंतर पॅडल दगडासारखे कठीण होते. बूस्टरची परीक्षा तर कोणालाही दारात करता येते. इंजिन बंद असताना पॅडल चारपाच वेळा दाबून मग दाबून धरावे आणि इंजिन सुरू करावे. पाय किंचित खाली गेला तर बूस्टर शाबूत, हलला नाही तर तो किंवा त्याची नळी नादुरुस्त समजावी.

घरी ब्रेकला हात लावू नये, असा पुष्कळ मिस्त्रींचा आक्षेप असतो, आणि दुरुस्तीपुरता तो मला बऱ्याच अंशी मान्य आहे. मास्टर सिलिंडर उघडणे, मागच्या आसाजवळचा भारानुसार दाब बदलणारा व्हॉल्व्ह जुळविणे किंवा एबीएसची उस्तवार करणे ही अंगणातली कामे नव्हेत. परंतु निदान ही वेगळी गोष्ट आहे. पॅडल स्पंजासारखे लागले तर हवा. दुसऱ्यांदा दाबल्यावर वर आले तर लायनरचे ॲडजस्टमेंट सुटले. गाडी एका बाजूला ओढू लागली तर कॅलिपर अडकला किंवा होज आतून फुगला. धातू घासल्याचा आवाज आला तर पॅड संपले. एवढे ज्ञान गाडी चालविणाऱ्या प्रत्येकाजवळ असलेच पाहिजे.

मालवाहू गाडीचे पासिंग पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी होते. पासिंगचा दाखला त्या एका दिवशीच्या गाडीचा असतो. उरलेल्या दिवसांची तपासणी चालकाचा पाय करतो. पण पगारी चालकाने तक्रार केली तर ‘ही खेप होऊ दे, मग बघू’ हे मालकाचे उत्तर ठरलेले असते, आणि चालकाला नोकरी राखायची असते. म्हणून माझी मागणी अशी आहे, की प्रत्येक मालवाहू गाडीत एक वही असावी, चालकाने ब्रेकची तक्रार तारखेनिशी तीत लिहावी, मालकाने खाली सही करावी, आणि अपघात झाल्यास पंचनाम्यात चालकाच्या परवान्याबरोबर त्या वहीचीही नोंद व्हावी. आमच्या गाडीत ती आता आहे. पहिली नोंद पुतण्याच्या हातची आहे आणि तिच्याखाली माझी सही आहे.