शाब्बासकीचा तुकडा केवढा असावा?

अकोले तालुक्यात दिवेलागण झाली की वस्त्यावस्त्यांवरून हाका ऐकू येतात. गुरे गोठ्यात बांधली जातात, शेळ्या कोंडल्या जातात. कुत्रा मात्र बहुधा बाहेरच राहतो. ‘राखणीसाठीच तर पाळलाय!’ असे आपण म्हणतो. परंतु उसाच्या फडात बिबट्याही असतो. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच तालुक्यातील बिबट्यांची विष्ठा तपासून त्यांचा आहार शोधला. २०१४ साली प्रकाशात आलेल्या या अभ्यासानुसार त्या आहारात वजनाने ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा होता. तेव्हा अंधार पडण्यापूर्वी, एका हाकेसरशी घरात येणे हा आपल्या भागातल्या कुत्र्याच्या दृष्टीने जिवाचा धडा आहे.

हा धडा शिकवायचा कसा? विद्यार्थी मित्रांनो, मी स्वतः तो आधी चुकीचा शिकवला. आमचा मोत्या हाक मारल्यावर दहा मिनिटांनी डुलत डुलत यायचा. मी चिडून त्याला एक फटका द्यायचो. परिणाम असा झाला, की तो वीस मिनिटांनी येऊ लागला! नंतर विचार केला, तेव्हा चूक उमगली. फटका मिळाला तो ‘उशीर केला’ या क्षणी नव्हे, तर ‘जवळ आला’ या क्षणी. जवळ येणे वाईट, एवढेच मोत्या शिकला.

ज्या कृतीपाठोपाठ सुख मिळते ती कृती प्राणी पुन्हा करतो, हे थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले. यातला ‘पाठोपाठ’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. कृती आणि बक्षीस यांत चार-पाच सेकंद गेले तरी कुत्र्याचा गोंधळ होतो. पण कुत्रा दूर असेल तर तुकडा तत्काळ कसा पोचणार? येथे पदार्थविज्ञान मदतीला येते. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. शंभर मीटरवरच्या कुत्र्याने तुमच्याकडे तोंड वळवताच तुम्ही ‘शाब्बास!’ म्हणालात, तर तो शब्द त्याच्या कानी सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात पोचतो. ‘शाब्बास’नंतर तुकडा हमखास मिळतो असा अनुभव आला, की तो शब्दच बक्षिसाचे काम करू लागतो. पावलॉव्हच्या प्रयोगातील कुत्र्यांना खाण्याआधीच्या खुणेनेच लाळ सुटे, ती याच कारणाने.

काहीजण म्हणतात, ‘ही तर लाच झाली!’ मला तसे वाटत नाही. लाच कामाआधी दाखवतात, मजुरी कामानंतर देतात. तुकडा हातात नाचवून बोलावू नका. आधी येऊ द्या, मग द्या.

आता तो तुकडा केवढा असावा? येथे बहुतेकजण चुकतात. आपण एक अख्खे बिस्किट टाकतो आणि मोठे मन दाखवल्याचे समाधान मानतो. जरा हिशेब करू. कुत्रा १६ किलोचा धरा. १६ चे वर्गमूळ ४, त्याचे पुन्हा वर्गमूळ २ आणि २ चा घन ८. या ८ ला ७० ने गुणले, की नुसते पडून राहण्यासाठी त्याला रोज लागणारे उष्मांक मिळतात: ५६०. हिंडणे-फिरणे धरून ते अंदाजे ९०० होतात. खाऊ यांच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावा, असा पशुवैद्यांचा सर्वसाधारण सल्ला असतो. म्हणजे आपल्या हाती ९० उष्मांक आहेत.

खाऊ घरीच करता येतो. बाजरीचे किंवा ज्वारीचे पीठ १०० ग्रॅम घ्या, त्यात एक अंडे फोडा आणि लागेल तेवढे पाणी घालून घट्ट मळा. मीठ, साखर, गूळ, तिखट काही घालू नका. अर्धा सेंटिमीटर जाड थापून सुरीने एक-एक सेंटिमीटरचे चौकोन पाडा. मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा. साधारण ३०० ते ३२० तुकडे होतील. सगळ्या पिठात सुमारे ४२० उष्मांक, म्हणजे एका तुकड्यात सव्वा-दीड. नव्वद उष्मांकांत सुमारे ७० तुकडे बसतात.

आता तुकड्याची लांबी, रुंदी आणि जाडी फक्त दुप्पट करा. घनफळ आठपट होते. नव्वद उष्मांकांत जेमतेम आठ-नऊ तुकडे बसतील. तेवढेच पीठ, तेवढेच अंडे. पण एका दिवसात सत्तर वेळा शिकवायचे की नऊ वेळा, हे सुरीच ठरवते. कुत्रा तुकड्याचा आकार मोजत बसत नाही. मिळाला की नाही आणि कधी मिळाला, एवढेच तो पाहतो.

‘कुत्रा मांसाहारी, त्याला भाकरी कशी पचेल?’ अशी शंका येईल. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले, की पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या वितंचकाच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात ४ ते ३०. माणसाच्या चुलीजवळ राहून त्याचे शरीरच बदलले आहे. अर्थात भाकरी हे त्याचे पूर्ण अन्न नव्हे.

मात्र आपले सर्वच अन्न त्याला चालत नाही. आपला जिल्हा कांद्याचा; पण कांदा आणि लसूण, कच्चे असोत की शिजवलेले, कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. म्हणून कालवणात बुडवलेला तुकडा नको. द्राक्षे व मनुका त्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. चॉकलेटही विषारी. बुरशी आलेली भाकरी, शेंगदाणे किंवा मका ‘कुत्र्यालाच तर द्यायचाय’ म्हणून टाकू नका; बुरशीतील काही विषे भाजूनही पुरती जात नाहीत. ओलावा असेल तेथे बुरशी वाढते, म्हणून तुकडे कडकडीत वाळवून कोरड्या डब्यात ठेवा आणि पावसाळ्यात दोन-तीन दिवसांपुरतेच करा.

हा प्रयोग घरच्या, लस टोचलेल्या कुत्र्यावरच करा. अनोळखी कुत्र्यापुढे हात नेऊ नका. हाक दिवसाउजेडी, अंगणातून मारा. अंधारात शोधायला मुळीच जाऊ नका. किती हाकांनी आणि किती सेकंदांत आला, याची रोज वहीत नोंद ठेवा. आमच्या वहीत मोत्याची वीस मिनिटे महिन्याभरात एका मिनिटाच्या आत आली. महाग खाऊ नाही, काठी नाही. लागली ती फक्त मोजपट्टी, घड्याळ आणि आपल्या रागावरचा ताबा. यांपैकी तिसरी गोष्ट मिळवायला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

परवा दिवेलागणीला हाक मारली, तर मोत्या आधीच उंबऱ्याच्या आत बसलेला होता.