शिवी, धमकी आणि तक्रारीचे गद्य

मालवणी मुलखात शिवी ही नेहमीच शिवी नसते. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ मच्छिंद्र कांबळींनी रंगभूमीवर गाजवले आणि या बोलीचा इरसालपणा महाराष्ट्राने हसत स्वीकारला. पण याच बोलीत दिलेली धमकी परक्या माणसाला कळावी कशी? आमच्या एका विद्यार्थिनीला अनोळखी खात्यावरून रोज रात्री मालवणीत संदेश येत. तिने त्या संकेतस्थळाकडे तक्रार केली. ‘नियमभंग आढळला नाही’, असे उत्तर आले.

मग आम्ही तिच्यासोबत बसून तक्रार नव्याने लिहिली. मूळ मजकूर जसाच्या तसा, त्याखाली अर्थ, त्या शब्दांना आमच्याकडे कोणत्या प्रसंगी धमकीचा रोख येतो त्याचे स्पष्टीकरण, तारीख, वेळ आणि खात्याचा दुवा. या वेळी ते खाते बंद झाले. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनी तक्रारीची पोच २४ तासांत देणे अशा कंपन्यांवर बंधनकारक केले. पण तक्रारीचा अर्थ लावून देण्याचे काम कोणताही नियम करीत नाही.

यंत्रांवरील हल्ल्यांनाही हेच लागू पडते. जुलै २०१६ मध्ये मुंबईतील इंटरनेट सेवा पुरवठादारांवरच बनावट विनंत्यांचा भडिमार झाला व पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. अशा हल्ल्यांत पुष्कळदा सामान्य ग्राहकांची यंत्रे त्यांच्या नकळत राबवली जातात. एकच आयपी पत्ता आज एका ग्राहकाकडे, तर उद्या दुसऱ्याकडे असू शकतो. म्हणून पत्त्यासोबत अचूक वेळ, तीही भारतीय प्रमाणवेळ असा उल्लेख करून, कळवली नाही तर पुरवठादाराला काहीच शोधता येत नाही.

तक्रार हे शस्त्रही होऊ शकते, याचे भान मात्र सुटू नये. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील साध्या मतप्रदर्शनाबद्दल अटक झाली. त्यांच्यावर लावलेले ६६ अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले. न पटणारे मत आणि धमकी यांतला भेद ओळखणे हे अखेर भाषेचेच काम आहे.

व्यावहारिक मराठीच्या तासाला आपण अजूनही अर्जाचे मायने घोटून घेतो. त्याऐवजी अशी एक तक्रार मुलांकडून लिहून घ्यावी, असे आम्हांस वाटते. आमच्या विद्यार्थिनीला पहिल्या खेपेस कमी पडले ते धैर्य नव्हते. कमी पडले ते आम्ही न शिकवलेले गद्य.